साखरेच्या डिंकातली सुई

तिचं खरं नाव घरात कोणी घेत नसे. लहानपणी ती एकदा शिडीवर चढताना मध्येच रडायला लागली, खालून भावाने "भित्री भागूबाई" म्हणून आरडाओरडा केला, आणि ते नाव जे चिकटलं ते लग्न होऊन सासरी गेलं तरी सुटलं नाही. नवऱ्याने तर ते ऐकल्या ऐकल्या उचललं. पुढे पुढे त्यातला "भित्री" गळून पडला, कारण तो मुद्दाम सांगायची गरजच उरली नव्हती. नुसती भागूबाई राहिली.

भागूबाईला कशाकशाची भीती वाटे ते सांगत बसलं तर दिवस मावळेल. कुत्र्याची वाटे, लिफ्टची वाटे, सरकारी शिक्का असलेल्या पाकिटाची वाटे. फोन वाजला की वाटे, आणि बराच वेळ वाजला नाही तर जास्त वाटे. गॅस बंद केला की ती एकदा परत जाऊन पाही. पाहून आली की, बघता बघता चुकून आपणच तर चालू केला नाही ना, म्हणून पुन्हा जाई. नवरा घड्याळजी होता. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान. डोळ्याला भिंग लावून दिवसभर लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू करत बसे. तो म्हणे, "तुझ्या भीतीची चावी कुठं आहे तेवढं सांग, स्प्रिंगच काढून ठेवतो." भागूबाईही हसे. तिला आपल्या भित्रेपणाचा राग नव्हता. उंची किंवा रंग असतो तसा तो आहे, असं तिने धरलं होतं.

अशी ही बाई केकच्या कामात पडली तीही भीतीपोटीच. तिची लेक आणि जावई दोघंही नोकरीला जात, म्हणून त्यांची मुलगी दिवसभर आजी-आजोबांकडे असे. पोर इतकी इवलीशी होती की सगळे तिला टिल्ली म्हणत. टिल्लीच्या पहिल्या वाढदिवसाला जावयाने बाजारातून केक आणला. त्यावरचा हिरवागार रंग पाहूनच भागूबाईने बशी दूर सारली. हा रंग खायचा की दरवाजाला लावायचा? त्या संध्याकाळी तिने पोर कशी आहे हे विचारायला लेकीला इतके फोन केले की शेवटी जावयाने फोनच बंद करून ठेवला. पोरीला अर्थातच काही झालं नाही. पण पुढच्या वर्षी भागूबाईने पदर खोचला, म्हणाली, "माझ्या नातीच्या पोटात काय जातंय ते मला ठाऊक असायला हवं," आणि केक घरीच केला. तो शेजारणीने पाहिला, शेजारणीच्या बहिणीने पाहिला, आणि बघता बघता बाईला मागणी यायला लागली.

केकवर साखरेची जी गुळगुळीत चादर पांघरतात, आणि जिच्यातून हत्ती, घोडे, फुलं घडवतात, त्या फॉन्डंटमध्ये तिचा हात फार सुरेख बसला. फॉन्डंट म्हणजे साखर मळून मळून केलेली कणीकच म्हणा. पण कणकेचा सोशिकपणा तिच्यात नाही. रेंगाळलात तर सुकून चिरते, घाई केलीत तर फाटते, हात गरम असला तर चिकटते. घाबरट माणसाला असं काम मानवतं. डोळ्यात तेल घालून बसायची सवय त्याला आधीपासूनच असते.

हत्यारं घ्यायला ती फक्त एकदा दुकानात गेली. काचेच्या कपाटात दाताच्या डॉक्टरकडे असतात तसली टोकदार, चकचकीत अवजारं मांडून ठेवली होती. दुकानदाराने विचारलं, "कितव्या नंबरचं देऊ?" ह्या अवजारांना नंबर असतात हेच तिला माहीत नव्हतं. "घरी विचारून सांगते," म्हणाली आणि बाहेर पडली, ती परत त्या रस्त्यालाही फिरकली नाही.

मग घरातलीच हत्यारं झाली. विणायच्या सुईच्या टोकाला गोल मणी बसवला, की पाकळीच्या कडा पातळ करायचं हत्यार तयार. शीतपेयाची नळी उभी अर्धी कापली, तिने प्राण्यांची हसरी तोंडं उमटत, आणि तीच ओळीने दाबली की माशाचे खवले. नव्या कोऱ्या टूथब्रशने अस्वलाच्या अंगावर केस येत. पत्र्याच्या पट्ट्या वाकवून घड्याळजीने पानांचे साचे करून दिले. एका भिंतीवरच्या घड्याळाची जुनी काच तिने चादर गुळगुळीत करायला घेतली. आणि सगळ्यात नामी म्हणजे, निकामी घड्याळातलं दातेरी चाक तारेच्या मुठीत बसवलेलं. ते फॉन्डंटवरून फिरवलं की हुबेहूब शिवण उमटे. "माझं घड्याळ कोणी विचारत नाही, पण माझ्या चाकाची शिवण साऱ्या गावाने खाल्ली," असं घड्याळजी येईल त्याला सांगे. ही सारी हत्यारं भागूबाई प्रत्येक कामाआधी उकळून काढी. उकळून उकळून टूथब्रश वाकडा झाला होता.

राहिली सुई. चादर केकवर घातली की खाली कुठेतरी हवा अडकते आणि फोड येतो. तो बारीक सुईने टोचून हवा काढायची आणि वरून काच फिरवायची. लांब सुई नको, आत केकमध्ये घुसेल, असं भागूबाई म्हणाली, म्हणून घड्याळजीने सुई मोडून नखाएवढं टोक काढलं आणि पेन्सिलीच्या बुडात भोक पाडलं. तो आपला पक्का गोंद काढायला लागला तशी ही आडवी आली.

"तो गोंद विषारी असतो. केकला लागला तर?"

"अगं, तो भोकात राहणार. केकला कसा लागेल?"

"नकोच ते. मी माझ्या डिंकाने चिकटवते."

तिचा डिंक म्हणजे साखरेची फुलं चिकटवायला वापरतात तो, खायचा. पाण्यात भिजवलेली पूड. वाळला की दगड होतो. घड्याळजीने दोन दिवसांनी चिमट्यात धरून सुई ओढून पाहिली, ती हललीसुद्धा नाही. "मानलं बुवा," तो म्हणाला. तेव्हापासून ती सुई बिनतक्रार काम करत होती. उकळायच्या वेळी मात्र तिला भांड्यात टाकत नसत, नुसतं टोक गरम पाण्यात बुडवून पुसत. हा डिंक पाण्याने विरघळतो एवढं भागूबाईला ठाऊक होतं. वाफेचा विचार तिने केला नव्हता. अति तिथे माती म्हणतात ते काही खोटं नाही. पक्का गोंद वापरला असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

तो केक जुळ्यांचा होता. त्यांची आई आधी दोनदा केक घेऊन गेलेली, बोलायला मोकळी बाई. ती म्हणाली, "काकू, एकाला हत्ती हवा आणि एकाला आगगाडी. काहीतरी करा, नाहीतर माझ्या घरात युद्ध होईल." भागूबाईने हत्तीलाच इंजिनाचा ड्रायव्हर केला. सकाळपासून तेच काम. हत्ती झाला, त्याच्या डोक्यावर टोपी झाली. अंगाला चकाकी यावी म्हणून तिने किटली उकळत ठेवली आणि हत्तीला वाफेसमोर धरून हळूहळू फिरवलं. हत्यारांचा पेला तिथेच, किटलीच्या तोंडापाशी उभा होता. हत्तीपलीकडे तिचं लक्ष नव्हतं. बाकी कोणालाही पेला दिसला असता तरी त्यात काही वावगं वाटलं नसतं.

मग तिने निळी चादर लाटली, केकवर घातली, वरून खाली हात फिरवत बसवली. बाजूला अगदी खालच्या अंगाला एक फोड आला. तिने पेन्सिल तिरकी धरून टोचलं, अंगठ्याने दाबलं, काच फिरवली. खालची लोंबणारी कड कापून टाकली. रूळ, डबे, धूर सगळं बसवलं. ठरल्या वेळी जुळ्यांचा मामा गाडी घेऊन आला आणि केक मांडीवर धरून बसायला आणखी एक माणूस घेऊन आला. भागूबाईने त्या दोघांना गाडी सावकाश चालवण्याबद्दल इतकं बजावलं की मामा म्हणाला, "काकू, नवरी नेताना पण एवढं सांगत नाहीत हो."

गाडी गेली. तिने हात धुतले, आणि मग हत्यारं. धुवायची, पुसायची, फडक्यावर ओळीने मांडायची. मण्याची सुई, नळी, चाक, साचे. पेन्सिल उचलली आणि तिच्या बुडाकडे पाहिलं.

भोक होतं. सुई नव्हती. भोकाच्या तोंडाशी पांढरा, ओला, चिकट थेंब साचला होता.

तिने तो थेंब बोटाने पुसला, आणि पुसता पुसता तिला सगळं कळलं. किटली. वाफ. टोचून निळ्या चादरीतून परत बाहेर काढलेली पेन्सिल, जी अंमळ हलकी वाटली होती. जुळी मुलं चार वर्षांची होणार होती. त्यांच्या बरोबरीची आणखी किती पोरं येणार होती देव जाणे. लहान मूल केक चावून खात नाही, नुसतं गिळतं.

"अहो!" ती ओरडली. आवाज असा आला की घड्याळजीच्या हातातलं घड्याळ खाली पडलं.

त्याने आधी नेहमीचंच केलं, म्हणजे हसला. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस. इथेच पडली असेल कुठेतरी." मग पेन्सिल पाहिली आणि हसणं थांबवलं. टिल्ली जमिनीवर अनवाणी फिरत होती. तिच्या पायात सुई जायची म्हणून भागूबाईने तिला उचलून पलंगावर ठेवलं आणि तिची खेळणी तिच्याभोवती टाकली. "खाली उतरायचं नाही. आजी सांगेपर्यंत अजिबात नाही." टिल्लीने मान हलवली. खेळायला मिळालं की पोर पलंगावरही तासन्‌तास रमे.

घड्याळजीने आपलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून ओटा, जमीन, कपाटाखाली, केराची टोपली, सगळीकडून फिरवलं. चुंबकाला एक जुनी टाचणी लागली, केसांचा आकडा लागला, लेकीच्या लग्नात हरवलेला स्क्रूसुद्धा लागला. सुई लागली नाही.

"केकमध्ये गेली," भागूबाई म्हणाली. ती भिंतीला टेकून उभी होती.

"फोन लाव."

तिने जुळ्यांच्या आईला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. पोरं, पाहुणे, गाणी, कोणाला ऐकू जाणार?

"हे बघ," घड्याळजी म्हणाला, "तू जा. पण सुईचं तोंडातून काढू नकोस. केकातलं अंडं खराब निघालं म्हण, खाऊ नका म्हण. मुलंही वाचतील आणि तुझं नावही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी येतो बरोबर."

"टिल्लीजवळ कोण?"

तो राहिला. ती पायात चपला सरकवून निघाली.

टॅक्सीत तिने पुढच्या सीटची कड इतकी घट्ट धरली होती की ड्रायव्हरने दोनदा मागे वळून पाहिलं. "दवाखान्यात जायचंय का, मावशी?" "नाही. वाढदिवसाला," ती म्हणाली. चौकाचौकात गाड्या थांबल्या की तिला वाटे, आता मेणबत्त्या विझवल्या असतील. आता सुरी लावली असेल. आता एखादं पोर तोंड उघडून बसलं असेल. ती फोन लावत होती आणि कोणी उचलत नव्हतं. आयुष्यभर तिने शेकडो भयंकर गोष्टी मनात घडवून पाहिल्या होत्या. त्यातली एकही खरी झाली नव्हती, आणि त्यामुळेच ती आजवर तगली होती. ही मात्र तिच्या स्वतःच्या हाताने घडलेली होती.

जुळ्यांचं घर सातव्या मजल्यावर. दार उघडंच होतं. कागदी टोप्या घातलेली पोरं टेबलाभोवती दाटली होती, आणि जुळ्यांच्या दोन्ही हातांवर हात ठेवून त्यांच्या आईने सुरी धरली होती. भागूबाईने ओरडायला तोंड उघडलं. आवाजच फुटला नाही. मग ती पोरांमधून वाट काढत पुढे घुसली आणि तिने आपला पंजा केकवर ठेवला. सरळ हत्तीच्या टोपीवर.

गाणं कोणीतरी बंद केलं.

"काकू?" जुळ्यांची आई म्हणाली. "अहो, काय करताय?"

"कापू नका," तिला आता आवाज सापडला. "अंडं खराब निघालं. माझ्या लक्षात आलं नाही. खाऊ नका."

"पण ह्याने तर सोंड चाटली मघाशी, काही झालं नाही. वास पण छान येतोय." आईने दोन्ही पोरांकडे पाहिलं. थोरल्याचे डोळे भरून आले होते. "असं करू या का, निदान वरचे हत्तीबित्ती पोरांना देऊ. त्यात कुठे अंडं असतं?"

झाकली मूठ तिथेच उघडली. भागूबाई म्हणाली, "त्यात सुई आहे. माझ्या हातून आत राहिली. कुठे आहे ते मला माहीत नाही."

मग सगळ्या आया एकदम आपापली पोरं मागे ओढायला लागल्या. जुळ्यांच्या वडिलांनी सुरी काढून घेतली. "आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्याने ते अधिकच वाईट वाटलं.

तिने परात मागितली. तिथेच, सगळ्यांसमोर, तिने केक सोलायला घेतला. निळी चादर तुकड्यातुकड्यांनी काढली, प्रत्येक तुकडा बोट आणि अंगठ्यात चिमटून पाहिला, दिव्यासमोर धरला. रूळ मोडले, डबे मोडले. हत्तीची टोपी, कान, सोंड. हत्तीचं पोट फोडलं तेव्हा धाकटा किंचाळला. पण हात थांबले नाहीत. आतल्या केकची बाजू तिने बोटांनी दाबून दाबून पाहिली. सकाळपासून केलेलं सगळं परातीत निळ्या ढिगाऱ्यासारखं पडलं होतं, आणि सुई नव्हती.

"मुळात होती का सुई?" मागून कोणीतरी म्हणालं, आणि दोघंतिघं हसले. सुटकेचं हसू होतं ते, पण हसूच.

जुळ्यांची आई हसली नाही. "काकू, पोरांचा दिवस होता हो," एवढंच म्हणाली.

भागूबाईला ते फार लागलं. पण लागून घ्यायला सवड नव्हती. ती चादरीचे तुकडे पुन्हा जुळवत होती. फोड कुठे होता? बाजूला, अगदी खाली. तो तुकडा तिला सापडला. त्यावर टोचल्याची बारीक खूण होती, आणि खुणेपासून खाली एक अस्पष्ट ओरखडा, सुई तिरकी घसरत गेल्यासारखा. तो ओरखडा कडेपर्यंत जाऊन तुटला होता. त्याचं पुढचं टोक केकवर नव्हतंच. ते कापलेल्या कडेबरोबर गेलं होतं.

कापलेल्या कडा ती काय करते? हाताला इतकी सवय होती की डोक्याला आठवावं लागलं. कडा गोळा करायच्या, मुठीत दाबायच्या, आणि न बघता मागे धरायच्या. मागे एक छोटा हात असतोच, तो घेऊन जातो. टिल्लीचा.

आणि मग तिनेच त्या पोरीला उचलून, खेळण्यांसकट, मुठीतल्या गोळ्यासकट पलंगावर ठेवलं होतं. पायाला सुई टोचू नये म्हणून. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण ह्या कळशात विष होतं.

"केकमध्ये नाही," ती म्हणाली. "माझ्या घरी आहे. माझ्या नातीकडे."

लिफ्टमध्ये शिरून तिने बटण दाबलं, फोन कानाला लावूनच. घरचा फोन वाजत होता. वाजून वाजून बंद पडला. तिने रस्त्यावर उभं राहून टॅक्सीसाठी हात केला आणि दुसऱ्या हाताने पुन्हा लावला. कोणी उचलेना. घड्याळजी घरात असताना फोन न उचलणारा माणूस नव्हता.

टिल्लीचा सध्याचा खेळ दवाखान्याचा होता. फॉन्डंटच्या गोळ्या करायच्या, त्या औषध म्हणून द्यायच्या, आणि रोगी नसला की स्वतःच घ्यायच्या. डोकं मागे टाकून, पाण्याच्या घोटाबरोबर, न चावता. मोठ्या माणसांसारखं. सगळे कौतुकाने बघत. "गिळली बघा, डॉक्टरीणबाईंनी!" भागूबाईनेच तिला शिकवलं होतं की गोळी चावायची नसते.

"लवकर चला हो," ती ड्रायव्हरला म्हणाली. "मावशी, पुढे गाड्या आहेत," तो म्हणाला. तिने देवाला काही मागितलं नाही. देवाचीही तिला भीतीच वाटत होती, की मागितलं तर तो नेमकं ऐकायचा नाही. ती फक्त मनात टिल्लीला सांगत राहिली, गिळू नकोस, बाळा, चावून खा, चावून.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत टेबलावर फोन वाजत होता, तिनेच लावलेला. घड्याळजी पलंगापाशी जमिनीवर बसला होता. टिल्लीला त्याने मांडीवर इतकी आवळून धरली होती की पोर वळवळत होती.

"आजी, आजोबा सोडत नाहीत मला," टिल्ली म्हणाली. "त्यांना औषध आवडलं नाही."

भागूबाईने आधी पोरीचं तोंड उघडून पाहिलं. मग हात, गळा, पोट. मग नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात रक्त होतं. पलंगाच्या कडेवर घड्याळाच्या काचेत निळ्या फॉन्डंटचा चिरडलेला चोथा पडला होता, आणि त्यात नखाएवढी चकाकती सुई.

"दोन गोळ्या होत्या," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "एक तिची, एक माझी. तिने हात पुढे केला, मी हवी ती घेतली. तिने गिळली. मी म्हटलं, आपण चावून गंमत करू. चावली आणि..." त्याने बोलणं सोडलं.

"तिने एकच खाल्ली?"

"एकच. बाकीचं सगळं मी चुरगाळून पाहिलं. पुन्हा पुन्हा पाहिलं. फोन वाजत होता, पण उठताच येईना गं. पायच उचलेनात."

भागूबाईने फोन घेतला आणि जुळ्यांच्या आईला लावला. ह्या वेळी लगेच उचलला गेला. "सापडली," ती म्हणाली. "केक खा. आतला सगळा चांगला आहे. पोरांना द्या."

"कुठे सापडली?"

"आमच्या ह्यांच्या तोंडात."

मग जुळ्यांच्या आईने विचारलं, "आणि नात? बरी आहे ना?"

"बरी आहे."

"बरं झालं, काकू. बरं झालं," ती म्हणाली, आणि तिचाही आवाज ओला झाला होता.

फोन ठेवून भागूबाई वळली. केसाएवढी बारीक स्प्रिंग चिमट्यात धरून तासन्‌तास न हलणारे घड्याळजीचे हात टिल्लीच्या पोटावर लटलट कापत होते. ते त्यालाही दिसत होते, आणि त्याला ते थांबवता येत नव्हते.

"मी ती गोळी तिलाच परत देणार होतो," तो म्हणाला. "पोट भरलंय, तूच घे, असं म्हणणार होतो. तोंडावर आलं होतं."

"पण नाही ना म्हणालात."

"छातीत अजून धडधडतंय. डोळे मिटले की ती गिळताना दिसते. झालं नाही तेच दिसत राहतं." त्याने तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने तिच्याकडे काही विचारण्यासाठी असं पाहिलं नव्हतं. "भागू, तुला असंच होतं का गं?"

"हो."

"कधी कधी?"

"रोज," ती म्हणाली.

त्याचे डोळे भरून आले, आणि ते पुसायला हात मोकळा करण्यासाठीसुद्धा त्याला पोरीला सोडवेना. भागूबाईने त्याच्या मिठीतून टिल्लीला हळूच सोडवून घेतलं, खांद्यावर टाकलं, आणि त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"तोंड उघडा," ती म्हणाली. "जीभ बघू द्या."